वीस सेकंदांचा दादा

ओतूरच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाला ‘माध्यम अभ्यास’ असा एक पेपर आला. तो शिकवायला कुणी तयार होईना, म्हणून माझ्या गळ्यात पडला. आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचं, अशी पहिल्या वर्षी माझी गत होती. सिद्धांत परदेशातले, ते मांडणारे पंडितही परदेशातले. त्यांची नावं मुलांच्या जिभेवर काही केल्या बसत नसत. मुलं ती पाढ्यांसारखी घोकायची आणि पेपर झाला की विसरून जायची. मी म्हणायचे, “नाव विसरलात तरी चालेल, म्हणणं विसरू नका.”

ते म्हणणं मला मनापासून आवडायला लागलं होतं. बातमी बंदुकीच्या गोळीसारखी थेट माणसात घुसते, असं अभ्यासकांना आधी वाटायचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की बातमी आधी चार जाणत्या माणसांकडे जाते आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांकडे. हे शिकवताना मी माझ्या माहेरच्या दूध डेअरीचं उदाहरण द्यायचे. पेपरात काहीही छापून येवो, डेअरीवर दूध मापून घेणारे अण्णा “खरं हाय” म्हणाले तरच गावाला ते खरं. मुलं हसायची. प्रत्येकाच्या गावात असा एक माणूस असायचाच.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. दोन्ही बाजूंनी ऊस, मधे रस्ता आणि रस्त्याच्या कडेला आमचं घर. तिथं माझा थोरला भाऊ आणि वहिनी राहायचे. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. शाळा दहावीला सुटली, थोडी शेती केली, आणि पुढं बावीस वर्षं तो वनखात्याकडे रोजंदारीवर होता. वनमजूर. बिबट्याचा पिंजरा ट्रॅक्टरमधून उतरवायचा, आतल्या कप्प्यात शेळी बांधायची, बिबट्या अडकला की जमलेली गर्दी मागं सारायची, ही त्याची कामं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. लहान पोरं दादाला ‘वाघवालं मामा’ म्हणायची.

त्याचं सगळ्यात आवडतं काम ऊसतोडीच्या दिवसांतलं. ऊस तोडता तोडता मजुरांना पाचटात मांजराएवढी पिल्लं सापडतात. मग आरडाओरडा, मोबाइल, फोटो. दादा तिथं पोचला की आधी सगळ्यांना बांधापलीकडे पाठवायचा. डॉक्टर पिल्लं तपासायचे. त्यानंतर ती एका क्रेटमध्ये ठेवून, जिथं सापडली तिथंच दिवस कलायच्या वेळी क्रेट ठेवायचा. अंधार पडला की आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लं उचलून नेली, तर आई चवताळून वस्त्यांभोवती फिरते. म्हणून हे करायचं. दादा सांगायचा, “आई येती. आली न्हाई असं लई कमी येळा झालं.” हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की वहिनी म्हणायची, “सोताच्या लेकीच्या लग्नात बी एवढं खुलले न्हवते.”

ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षी जानेवारीत अशी दोन पिल्लं सापडली. कुणीतरी बांधावरून दादाचा व्हिडिओ काढला. दादा पाठमोरा, खाकी शर्ट घामानं भिजलेला. तो क्रेट हळूच खाली टेकवतो, झाकण बाजूला करतो आणि म्हणतो, “ऱ्हावा बाळांनो हितंच. येईल आई. जावा आईकडं.” मागं उसाची भिंत आणि वर तांबूस आभाळ. तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला. सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले.

मी तो पुढं पाठवला. कुणाला पाठवला, ते सांगितल्याशिवाय ही हकीकत पुढं जात नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आळेफाट्याला स्वतःचं न्यूज चॅनल चालवायचा. चॅनल म्हणजे एक गाळा, एक गोल दिवा, एक माईक आणि दोन मोबाइल. मुलगा हुशार. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तोच विचारायचा. बातमी निवडणारा माणूस दारावरच्या राखणदारासारखा असतो, कुणाला आत घ्यायचं ते तो ठरवतो, हे मी शिकवलं तेव्हा तो म्हणाला होता, “मॅडम, मंग आपणच दारावर जाऊन उभं ऱ्हायचं ना.” मला त्याचं फार कौतुक होतं. मी त्याला तो व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, “आमच्या भागातले एक वनमजूर आहेत. चांगली बातमी होईल बघ.”

एक वनमजूर. माझा भाऊ, असं मी लिहिलं नाही. त्या वेळी स्वतःला सांगितलं, की ओळखीमुळे बातमी केली असं त्याला वाटायला नको. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. बाईंचा भाऊ पिंजरे उचलतो, हे माझ्या विद्यार्थ्याला कळावं असं मला वाटलं नव्हतं. त्यानं बातमी केली. चांगली केली. फारशी कुणी बघितली नाही, आणि आम्ही सगळे ती विसरून गेलो.

ऑक्टोबरात काकू गेली. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या वस्तीवरची, पंचेचाळिशीची बाई; पोरांचं ऐकून आम्ही सगळेच तिला काकू म्हणायचो. तिचा नवरा तात्या, माझ्या दादाचा शाळेपासूनचा मित्र. दोघांच्या शेताला बांध एकच. काकू दुपारी चारच्या सुमाराला कांद्याच्या रोपात खुरपत बसली होती. पाठ उसाकडे. बसलेला माणूस बिबट्याला जनावराएवढाच दिसतो, असं दादा नेहमी सांगायचा. बायकांना म्हणायचा, “खुरपताना येकटीनं बसू नका, मधनंमधनं उभं ऱ्हावा.” त्या दिवशी तिच्या सोबतीची बाई पाणी आणायला गेली होती. तेवढ्यात झालं.

ओरडा ऐकून पहिल्यांदा धावला तो दादाच. उसात पंधरा-वीस फूट आत त्याला ती सापडली. त्यानंच तिला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. जीपमध्ये तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारात ती गेली.

दुसऱ्या दिवशी हायवे अडवला गेला. लोकांचा राग खरा होता, आणि त्याला कारणही होतं. वस्तीवस्तीवर माणसं अंगणात जाळ्या बसवून राहतात, पोरांना अंधार पडायच्या आत घरात कोंडतात. किती दिवस काढायचे असे? टायर जळाले, भाषणं झाली. आणि तिसऱ्या दिवशी तो व्हिडिओ आला.

मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. माझ्या एका सहकारी बाईंनी मोबाइल पुढं धरला. “हे बघितलंत का? तुमच्या माहेरकडचं आहे म्हणे. वनखात्याचाच माणूस बिबटे सोडतोय.”

वीस सेकंद. पाठमोरा खाकी शर्ट, क्रेट, झाकण. “जावा आईकडं” एवढंच वाक्य ठेवलं होतं. ‘ऱ्हावा बाळांनो हितंच’ कापलं होतं. पिल्लं दिसतच नव्हती, नुसतं काहीतरी हलताना दिसत होतं. वर लाल पट्टी: ‘गावात बिबट्या सोडणारा हाच तो?’ आणि कोपऱ्यात माझ्या विद्यार्थ्याच्या चॅनलचं चिन्ह.

“भयंकरच ना?” बाई म्हणाल्या.

मी “हो ना,” म्हणाले. एवढंच. डब्याचं झाकण लावलं आणि पुढच्या तासाला गेले.

संध्याकाळी दादाला फोन केला. त्याच्याकडे साधा फोन होता, बटणांचा. त्यानं काहीच बघितलं नव्हतं. फोन वहिनीनं घेतला.

“वन्सं, हितं समद्यांच्या फोनात त्येच हाय,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “दुकानात गेले तर बाया बोलायच्या थांबल्या. ह्यांना अजून सांगितलं न्हाई.”

“सांग वहिनी. त्याला बाहेरून कळायला नको.”

“काय म्हणून सांगू? तिला उसातनं काढून आणलं त्येच हात, आन् लोकं म्हणत्यात...”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून आळेफाट्याला गेले. माझा विद्यार्थी गाळ्यात एकटाच होता. मला बघून उठला, वाकून पाया पडला, चहा सांगितला.

“तो बिबट्याचा व्हिडिओ काढून टाक,” मी म्हणाले.

“मॅडम, त्यो आतापर्यंतचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ हाय माझा.”

“तो मीच तुला पाठवला होता. ती पिल्लं होती. आईपाशी सोडायची होती. तूच बातमी केली होतीस त्याची.”

“म्हाईत हाय ना. पण लोकं विचारायला लागली, खातं काय करतंय. मंग मी जुनं शोधलं. मी कुठं म्हटलंय त्यानं सोडला म्हणून? प्रश्नचिन्ह टाकलंय बघा.” त्यानं पट्टीवर बोट ठेवलं. “तुमीच शिकवलं व्हतं, सिद्ध झालं नसंल तर प्रश्नचिन्ह टाकायचं.”

मी शिकवलं होतं. फळ्यावर लिहून दिलं होतं.

“आणि तुमीच म्हणायचा,” तो पुढं म्हणाला, “लोकांनी काय म्हणायचं ते आपल्या हातात नसतं, कशावर बोलायचं एवढंच आपल्या हातात असतं. मी विषय दिला मॅडम. म्हणणं लोकांचं हाय.”

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. वर्गात उत्तर द्यावं तसा तो सरळ बोलत होता. धडा त्याला नीट समजला होता.

“तो माझा भाऊ आहे,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्यानं मोबाइल उचलला, माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकला आणि म्हणाला, “मॅडम, आधी सांगायचं ना ओ. जानेवारीतच सांगायचं.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चहा आला तसाच राहिला. परत फिरताना मला वाटलं, चला, निदान हे तरी झालं.

काहीच झालं नव्हतं. घरी पोचेपर्यंत तोच व्हिडिओ आणखी तीन ठिकाणांहून माझ्या फोनवर आला होता. त्याचं चिन्ह पुसलेलं होतं, प्रश्नचिन्हही गेलं होतं. एकात मागं सिनेमातल्या खलनायकाला असतं तसलं संगीत होतं. एकावर हिंदीत लिहिलं होतं, ‘यही है गाँव का असली दुश्मन’.

मग मला अण्णा आठवले. वर्गात ज्यांचं उदाहरण द्यायचे ते डेअरीवाले अण्णा. त्यांनी एकदा म्हटलं की झालं. रविवारी सकाळी मी माहेरी गेले आणि डेअरीवर दूध संपून माणसं पांगेपर्यंत थांबले. अण्णा कॅन धूत होते. त्यांना मी मूळचा पूर्ण व्हिडिओ दाखवला, माझ्या फोनात तो होताच. त्यांनी दोनदा बघितला.

“पिल्लंच हायेत ही,” ते म्हणाले. “मला काय सांगती, तुझ्या दादाला मी वळखत न्हाई व्हय?”

“मग तुम्ही बोला ना अण्णा. दूध घालायला आलेल्या माणसांना नुसतं सांगा. तुमचं ऐकतात.”

त्यांनी कॅन उपडा केला. हात पुसले. “ताई, एक सांगतो, राग धरू नको. माझं ऐकत्यात ते मी त्यांच्या मनातलं बोलतो म्हणून. आज मी ह्ये बोललो, तर उद्या माझ्याकडं दूध यायचं न्हाई, पलीकडच्या डेअरीवर जाईल. आन् माझं ऐकणार बी न्हाईत. थोडं निवू दे. मंग बघू.”

मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आले, की असा माणूस गावाचं मत घडवतो. मापाच्या भांड्याशेजारी उभे राहून अण्णांनी दोन वाक्यांत मला उलटं शिकवलं. पण शिकून मला करायचं काय होतं?

घरी दादा ओसरीवर बसला होता. वहिनीनं सांगितलं होतं त्याला. शेजाऱ्याच्या पोराच्या फोनवर त्यानं तो व्हिडिओ बघितलाही होता.

“तायडे,” तो म्हणाला, “त्यात माझा आवाज हाय का गं? मला माझा आवाज असा वाटला न्हाई.”

“तुझाच आहे दादा.”

“माझ्या शर्टाच्या पाठीवर ते थिगळ दिसतंय,” तो वहिनीकडे बघून म्हणाला. जसं काही तेवढंच वाईट वाटण्यासारखं होतं. मग म्हणाला, “पाठवला कुणी असंल गं त्यांना?”

मी म्हणाले, “काय माहीत.” स्वयंपाकघरात गेले आणि वहिनीला भाकरी करू लागले.

दहाव्याला, म्हणजे दशक्रियेला, दादानं जाऊ नये असं वहिनीचं म्हणणं होतं. माझंही होतं. तो ऐकेना. “तात्याच्या घरचं कार्य हाय. मी न्हाई गेलो तर ते लोक म्हणत्यात ते खरं ठरंल.” सकाळी सातला आंघोळ करून, पांढरा सदरा घालून तो आमच्यासोबत नदीवरच्या घाटाकडे निघाला.

आमच्याकडे दशक्रियेला सगळी पंचक्रोशी जमते. मांडव, सतरंज्या, माईक, प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. त्या दिवशी हजारावर माणूस होतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. दादा मागं कडेला बसला. त्याच्या आजूबाजूची माणसं हळूहळू सरकली. अंगावर धावून कुणी आलं नाही. नुसती सरकली, आणि त्याच्याभोवती सतरंजी रिकामी झाली. मला पलीकडून दिसत होतं.

भाषणं झाली. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, पण “पिंजऱ्याची दारं उघडणारे हात” असं एक जण माईकवर म्हणाला आणि शेकडो माना मागं वळल्या. मग पिंड ठेवले. सगळे कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळा शिवेना. समोरच्या करंजावर दोन-तीन बसले होते, उतरत नव्हते. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. तात्या पिंडासमोर हात जोडून म्हणत होता, “पोरांचं मी बघतो. शेताचं बघतो. काय ऱ्हायलंय तुझं, सांग.” बायकांत हुंदके सुरू झाले. मग पुरुषांतून आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही: “सोडणारा हितंच बसलाय. कसा शिवंल कावळा?”

तात्या उठला. माणसांतून वाट काढत दादासमोर गेला. मला वाटलं, तो दादाला उठवेल, हाताला धरून पिंडापाशी नेईल, सांगेल की ह्यानं तिला उसातनं आणलं. त्यानं जीपमध्ये दोघांना बघितलं होतं. तात्या दादासमोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

“तू जा बाबा हितनं,” तो म्हणाला. “मला कळत न्हाई खरं काय ते. पर तिला सुटू दे. तू जा.”

मी बायकांत बसले होते. माझ्या हातात फोन होता आणि फोनात पूर्ण व्हिडिओ होता. मला वर्गात बोलायची सवय, साठ-साठ मुलांसमोर बोलायची. उठून माईकपर्यंत जायला वीस पावलं. आपलं मत चार लोकांपेक्षा वेगळं आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की शेजारचाही बसतो. आणि अशानं एकच आवाज मोठा होत जातो. एका अभ्यासक बाईंनी हे मांडलंय, मौनाचं आवर्तन म्हणतात त्याला. मला ते सगळं त्या क्षणी आठवत होतं. पुस्तकातलं पानसुद्धा आठवत होतं. तरी माझे पाय उठले नाहीत. माझ्या शेजारी अण्णांची बायको होती. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. खरं काय ते तिलाही माहीत होतं. आम्ही दोघी खाली बघत बसलो.

दादा उठला. चपला शोधायला त्याला वेळ लागला. घाटाच्या पायऱ्या चढून तो एकटाच गेला, मागं वळून बघितलं नाही.

थोड्या वेळानं कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मांडवात एकदम कुजबुज झाली. “बघा. बघितलं का? गेला तसा शिवला.” त्यानंतर काही उरलं नाही. ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली.

दुसऱ्या दिवशी माझा तिसऱ्या वर्षाचा तास होता. अभ्यासक्रमाप्रमाणे आलेला विषय तोच, मौनाचं आवर्तन. मी टाळला असता, पण परीक्षा जवळ होती. माझं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे दादाचं आणि माझं नातं मुलांना माहीत नव्हतं. उदाहरण द्या म्हटल्यावर मुलांनी तोच व्हिडिओ काढला. अर्धा वर्ग एकदम बोलायला लागला. असल्या माणसाला पिंजऱ्यात टाकायला पाहिजे, इथपर्यंत गेलं.

मढकडची एक मुलगी खिडकीपाशी बसायची. डोंगरातल्या घरची, भातशेतीवाल्यांची. पहाटेची एसटी धरून यायची. फार बोलायची नाही. ती उठली.

“मॅडम, मला त्यो माणूस सोडणारा वाटत न्हाई,” ती म्हणाली. “त्यो लई हळू बोलतोय. आमच्या घरी गाय व्यायली का माझे बाबा असंच बोलत्यात. तिथं बारकं कायतरी असणार.”

वर्ग हसला. मागून कुणी तरी गाय हंबरल्याचा आवाज काढला. ती माझ्याकडे बघत उभी होती. मी फक्त “बरोबर आहे तुझं” म्हणायचं होतं. “तो माझा भाऊ आहे” हेही म्हणता आलं असतं. फोन माझ्या पर्समध्ये होता.

मी म्हणाले, “बस. पुढचा मुद्दा लिहून घ्या.”

ती बसली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिनं माझ्या तासाला तोंड उघडलं नाही.

पुढं वनखात्यानं खुलासा काढला. पूर्ण व्हिडिओ दिला, पिल्लांचे फोटो दिले. लोक म्हणाले, सारवासारव. माझ्या विद्यार्थ्यानंही क्षमा मागणारा व्हिडिओ केला, चांगला पाच मिनिटांचा. तो शेवटपर्यंत कुणी बघितला असेल असं वाटत नाही. वरिष्ठांनी दादाला सांगितलं, काही दिवस येऊ नका, तुमच्याच जिवाच्या दृष्टीनं. त्यांचा हेतू चांगला होता. पण काही दिवसांचे महिने झाले आणि परत बोलावणं आलं नाही. दादा घराबाहेर पडेनासा झाला. बांधावर तात्या दिसला की आत यायचा. तात्याही दादा दिसला की मान खाली घालायचा. वहिनी सांगायची, “जेवताना बी पाठ भिंतीला लावून बसत्यात.” व्हिडिओ मी पाठवला होता हे मी त्याला सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

उन्हाळ्यात दादाच्या मुलीनं दोघांना चाकणला आपल्याकडे नेलं. जावई तिथं एका कंपनीत आहे. त्याच्या ओळखीनं दादाला गोदामावर वॉचमनचं काम लागलं. घराला कुलूप लागलं.

जूनमध्ये मी तो पेपर सोडला. नव्यानं आलेल्या एका मॅडमकडे तो दिला. त्यांनी नोट्स मागितल्या, मी सगळी फाइल देऊन टाकली. “अवघड आहे का हो हे?” त्यांनी विचारलं. “नाही,” मी म्हणाले, “मुलांना पटकन कळतं.”

दिवाळीच्या आधी एका रविवारी मी चाकणला गेले. दादा निळ्या गणवेशात गेटवर बसला होता. वजन उतरलं होतं. मला बघून त्यानं स्टूल पुढं सरकवलं. बराच वेळ आम्ही येणारे-जाणारे कंटेनर बघत बसलो. मग तो आपण होऊन म्हणाला, “मागल्या आठवड्यात एक गंमत झाली.”

“काय?”

“माझ्या जोडीला एक हाय, मराठवाड्याकडचा. त्यानं फोन काढला, म्हणला, बघा राव, तुमच्याच भागातलं. त्योच व्हिडिओ. मला वळखलं न्हाई त्यानं. शिव्या देत व्हता. मला म्हणला, असली माणसं कशी असत्यात ओ तुमच्याकडं?”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, वाईटच.” दादा गेटच्या कडीकडे बघत होता. “मी बी म्हटलं, लई वाईट माणूस दिसतोय.”

तो व्हिडिओ मीच पाठवला होता, हे सांगायला मी त्याच्याकडे वळले, आणि तेवढ्यात एका ट्रकनं हॉर्न दिला. दादा उठला, कडी काढली, गेट ओढून धरलं, ट्रकचा नंबर वहीत लिहिला. परत येऊन म्हणाला, “निघ तू आता. दिस कलायच्या आत घरी पोच. स्टँडपासनं तुझ्या घराला उसातनं जावं लागतं.”

तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही, ड्यूटी होती. मी नारायणगावच्या गाडीत बसले. गाडी भरली होती. उभ्यानंच निघाले.